अमेरिकेत घर घेताय? छताखालच्या लाकडाचा दर आधी लिहून घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नव्याने आलेल्या भाऊ-ताईंनो, आपल्याला छत म्हणजे स्लॅब एवढंच माहीत असतं. इथल्या बहुतेक घरांवर स्लॅब नसतो. छताची रचना समजून घ्यायची तर गावाकडचं जुनं धाब्याचं घर आठवा. खाली कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. इथे कड्यांच्या जागी वासे किंवा कारखान्यातून तयार आलेल्या लाकडी कैच्या असतात. फळ्यांच्या जागी प्लायवूडच्या किंवा ओएसबीच्या (लाकडाचे कपचे गोंदाने दाबून केलेल्या) शीट आणि मातीच्या जागी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवून ठोकलेले डांबरी पातळ तुकडे. पावसाळ्याआधी कितीही माती टाकली तरी खालची फळी कुजलेली असली तर धाबं गळायचंच. कुजक्या शीटवर नवी शिंगल टाकली की इथेही तेच होतं, कारण खिळे धरत नाहीत. या शीटच्या थराला इथे डेकिंग किंवा शीदिंग म्हणतात. छत बदलताना अंदाजपत्रक फसतं ते बहुधा याच थरापाशी.

जुनी शिंगल उपसल्याशिवाय खालच्या किती शीट खराब आहेत हे कोणालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून कोटेशनमध्ये शिंगलचा आकडा ठसठशीत असतो आणि खाली बारीक अक्षरात ‘लाकूड लागेल तसं जादा’ एवढंच. मग कामाच्या दिवशी छत उघडं पडलेलं, आभाळ भरून आलेलं आणि रूफर, म्हणजे छताचं काम करणारा, सांगतो की वीस शीट बदलाव्या लागतील. त्या घडीला घासाघीस करता येत नाही. ती सही करण्याआधीच करायची.

करारात पुढच्या गोष्टी शब्दशः आल्या पाहिजेत. एका शीटचा दर. शीट ओएसबीची की प्लायवूडची, आणि जाडी किती. त्या दरात जुनी शीट काढणं, खिळे, मजुरी आणि कचरा वाहून नेणं धरलंय का. पहिल्या काही शीट मूळ किमतीतच आहेत का; दोन-तीन शीट फुकट देणारे बरेच असतात, पण विचारावं लागतं. बदललेल्या प्रत्येक जागेचा झाकण्याआधीचा फोटो. आणि ठरावीक संख्येच्या पुढे, समजा पाच शीटच्या पुढे, तुम्हाला फोन करून होकार घेतल्याशिवाय काम नाही. १९५०च्या आधीच्या बऱ्याच घरांत शीटऐवजी अखंड फळ्या असतात. तिथे दर फुटावर ठरतो, तोही लिहून घ्या.

मजुरीसकट एका शीटला साधारण ७० ते १२५ डॉलर लावतात. शहर, छताचा उतार आणि लाकडाचा बाजार यांवर हा दर खाली-वर होतो. दुकानातला शीटचा भाव पाहून ‘हा लुटतोय’ असं लगेच ठरवू नका. उताराच्या छतावर शीट चढवणं, कापणं, जुने खिळे उपटणं यालाच जास्त वेळ जातो. पण भाव खूप जुन्या कोटेशनवरून धरू नका. २०२१मध्ये ओएसबीचे भाव कित्येक पटींनी उसळले होते आणि जुन्या दरावर कोणी काम करायला तयार नव्हतं.

आता हिशेब. एक शीट ४ बाय ८ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. वळचणीसकट घराचा तळ ४० बाय ३० फूट असला तर १२०० चौरस फूट होतात. छत उतरतं असल्याने खरं क्षेत्रफळ त्याहून जास्त भरतं. १२ इंच आडव्यावर ४ इंच चढ असेल तर १.०५४ने गुणा, ६ इंच असेल तर १.११८ने, ८ इंच असेल तर १.२०२ने. ६ इंच चढ धरला तर १,३४२ चौरस फूट झाले, म्हणजे ४२ शीट. तुकड्यांची नासाडी १० टक्के धरून ४७. शीटला ९० डॉलर धरले तर अख्खं डेकिंग ४,२३० डॉलरला पडेल, शिंगल वेगळी. हे झालं सगळं लाकूड गेलेलं असलं तर. बहुतेक घरांत चार-दहा शीटवर भागतं, म्हणजे साडेतीनशे ते नऊशे डॉलर. ही रक्कम बाजूला ठेवूनच छताच्या कामाला हात घाला.

जाडीच्या बाबतीत चिंगूसपणा नको. वाशांमधलं अंतर १६ इंच असेल तर ७/१६ इंची ओएसबी चालते. २४ इंच असेल तर १५/३२ इंची प्लायवूड किंवा त्याहून जाड घ्या आणि दोन शीटच्या कडा जुळतात तिथे दोन वाशांच्या मध्ये धातूची क्लिप घालायला सांगा. १९७०च्या आसपासच्या कित्येक घरांवर ३/८ इंची पातळ प्लायवूड आहे. लांबून पाहिलं तर अशा छतावर वाशांच्या मधोमध झोळ दिसतो. अशा ठिकाणी एक-दोन जाड शीट मध्येच घातल्या तर शिंगलखाली उंचवटा राहतो, म्हणून पाचर लावून पातळी मिळवून घ्यावी लागते. प्लायवूड महाग, पण भिजून वाळलं तर बऱ्यापैकी पूर्ववत होतं. ओएसबीच्या कडा एकदा फुगल्या की फुगलेल्याच राहतात. वळचणीजवळच्या आणि चिमणीभोवतीच्या शीट प्लायवूडच्याच घालाव्यात, फरक थोडक्याच डॉलरचा पडतो.

बसवताना शीटची लांब बाजू वाशांना आडवी येते, सांधे एका रेषेत न येता चुकवलेले असतात आणि दोन शीटमध्ये १/८ इंच फट सोडतात. ही फट न सोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. दमट हवेत लाकूड फुगतं, जागा मिळत नाही, आणि शिंगलवर सरळ रेषेत उंचवटे उठतात. खिळे अडीच इंची, कडेने दर ६ इंचांवर आणि मध्ये जुन्या नियमाने दर १२ इंचांवर, नव्या नियमाने दर ६ इंचांवर. वादळाच्या पट्ट्यात त्याहून जवळ. शिंगलचे खिळे शीटच्या आरपार येऊन खालच्या बाजूने दिसतात. ते बरोबर आहे, कापायला जाऊ नका.

लाकूड कुजतं ते बहुधा वरून नाही, कडेने आणि आतून. चिमणीभोवतीचा पत्रा उचकटतो, छतातून वर आलेल्या पाइपभोवतीचं रबर फाटतं, बर्फाच्या प्रदेशात वळचणीला बर्फ साचून वितळलेलं पाणी उलटं शिंगलखाली शिरतं. त्यासाठी वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान २४ इंच जाईपर्यंत चिकट पडदा लावतात. तो कोटेशनमध्ये आहे का पाहा. आतून येणारी ओल जास्त फसवी. बाथरूमचा पंखा किंवा स्वयंपाकघराची चिमणी थेट छताखालच्या पोकळ माळ्यात, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये सोडलेली असली तर रोजची वाफ त्या लाकडालाच बसते. आपला स्वयंपाक फोडणीचा आणि वाफेचा, तेव्हा पाइप छताबाहेर काढून घेणं टाळू नका. हवा खेळती हवी. १२०० चौरस फुटांच्या अ‍ॅटिकला किमान ८ चौरस फूट झरोके लागतात. खाली वळचणीला आणि वर आढ्याला निम्मे-निम्मे असले, तर बऱ्याच ठिकाणी ४ चौरस फूट पुरतात. वळचणीचे झरोके इन्सुलेशनने, म्हणजे थंडी-उष्णता अडवणाऱ्या कापसासारख्या थराने, बुजवलेले सर्रास सापडतात.

घर घेण्याआधी अ‍ॅटिकमध्ये स्वतः चढा. पाय फक्त आडव्या लाकडांवर ठेवा, इन्सुलेशनवर ठेवला तर खालच्या खोलीचं छत फुटेल. मास्क लावा. टॉर्चने काळे डाग, गंजलेली खिळ्यांची टोकं, कुठे उजेडाची चीर दिसते का ते पाहा. डागाच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबा. सहज रुतला तर ती शीट गेली. हे सगळं इन्स्पेक्शनच्या, म्हणजे करारात घर तपासायला दिलेल्या, मुदतीत झालं तर विकणाऱ्याकडून रक्कम वळती करून घेता येते, नंतर नाही. न्यू जर्सी-मेरीलँडकडे १९८०च्या दशकातलं टाउनहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं घर, घेत असाल तर एक खास गोष्ट विचारा. आगीपासून बचाव म्हणून घरांमधल्या सामाईक भिंतीलगत रसायन लावलेलं प्लायवूड वापरलं जायचं, आणि छताच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन कोळपल्यासारखं दिसायला लागलं. बदललं नसेल तर तो खर्च कोणाचा, तुमचा की सोसायटीचा, हे कागदावर पाहा.

विमा वादळ, गारपीट, पडलेलं झाड यांचं नुकसान देतो. हळूहळू कुजलेलं लाकूड देत नाही. गारपिटीनंतर दारावर येणारे ‘डिडक्टिबल आम्ही भरतो’ म्हणतात; डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा वाटा. टेक्ससमध्ये २०१९पासून हे बेकायदा आहे, इतरही बऱ्याच राज्यांत. दारावर येऊन केलेला सौदा तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, त्याचा रद्द करण्याचा अर्ज जपून ठेवा. काम करणाऱ्याकडून मजुरांच्या विम्याचा दाखला मागा. शेवटचा हप्ता देताना लीन वेव्हर, म्हणजे माल देणाऱ्याची आणि पोटकंत्राटदाराची घरावर बाकी नाही असं लेखी पत्र, घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. तुम्ही रूफरला पूर्ण पैसे दिले आणि त्याने लाकडाच्या दुकानाचे थकवले, तरी दुकानदार तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो.

सोलर बसवायचं मनात असेल तर डेकिंगचं काम आधी उरका, कारण पॅनेल उतरवून पुन्हा चढवायचा खर्च शीटपेक्षा जास्त होतो. कामाच्या आदल्या दिवशी अ‍ॅटिकमधलं सामान जुन्या चादरींनी झाका, गाड्या लांब लावा, आणि संध्याकाळी अंगणात चुंबक फिरवून घेतल्याशिवाय मुलांना अनवाणी सोडू नका.