नवराबायकोचं जॉइंट खातं: गावात राहून बँक निवडताना काय बघायचं

जॉइंट खातं काढायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो व्याजाचा. तो सगळ्यात शेवटी बघितला तरी चालतो. पोस्टात बचत खात्याला ४ टक्के मिळतात, बहुतेक सरकारी बँकांत अडीचच्या आसपास. खात्यात वर्षभर सरासरी २०,००० रुपये राहिले, तर या दोन्हींतला फरक वर्षाला ३०० रुपयांचा. पासबुकातली एक चूक दुरुस्त करायला दोघांनी तालुक्याला एक चक्कर मारली, की तेवढे पैसे गेले. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट असलं तरी दोघांचा रोज बुडतो तो वेगळाच. त्यामुळे चकरा कमी पडतील आणि चालू असलेले पैसे अडणार नाहीत, अशी बँक शोधायची.

चालू खात्यांना हात लावू नका

विदर्भातल्या शेतकरी घरात दोघांची मिळून दोन-तीन खाती आधीच असतात. त्याच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाला ६,००० येतात, त्यावर राज्याचे नमो शेतकरीचे पैसे, पीकविमा, सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस दिला असेल तर त्याचा चुकारा. तिच्या खात्यात लाडकी बहीणचे पैसे आणि बचत गटाचे व्यवहार. हे पैसे खाते क्रमांकापेक्षा आधारवर चालतात. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं, त्या बँकेत रक्कम जाऊन पडते. लाडकी बहीणसाठी तर बाईचं स्वतःचं, आधार जोडलेलं खातंच लागतं. म्हणून जुन्या खात्यात नाव वाढवून त्याचंच जॉइंट करू नका. त्याचं खातं त्याचं राहू द्या, तिचं तिचं, आणि घरखर्चाचं तिसरं नवीन काढा.

नवीन खातं काढताना सगळ्यात जास्त घोटाळा फॉर्मवरच्या एका चौकटीत होतो. सरकारी अनुदान याच खात्यात जमा व्हावं, त्यासाठी आधार जोडायला संमती आहे, अशा अर्थाचं वाक्य तिथं असतं आणि शेजारी बरोबरची खूण करायची जागा. फॉर्म भरून देणारा पोरगा सवयीनं तिथं खूण करून टाकतो. पुढचा हप्ता मग जुन्या खात्यात दिसत नाही आणि घरचे कृषी सहायकाला शोधत फिरतात. पैसे कुठं गेलेले नसतात, नव्या खात्यात पडलेले असतात. तुम्हाला हे नको असेल तर ती खूण करू देऊ नका. ओळख पटवायला आधार देणं वेगळं आणि अनुदानासाठी आधार जोडणं वेगळं, हे काउंटरवर तोंडानं सांगा. आठवड्याभरानं माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघितली की आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे ते कळतं.

जनधनची अट लोकांना माहीत नसते. जनधन हे मूलभूत बचत खातं आहे. ज्या बँकेत ते आहे, त्याच बँकेत त्याच माणसाला दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, असा नियम आहे. तिचं जनधन एका बँकेत असेल तर जॉइंट खात्यासाठी दुसरी बँक बघितलेली बरी. नाहीतर कधीतरी दोनातलं एक खातं बंद करायला सांगतील, आणि बंद पडणारं खातं नेमकं हप्ते येणारं निघायचं.

कर्ज कुठं आहे ते आधी आठवा

ज्या बँकेत पीककर्ज थकलं आहे, किंवा भावासाठी, शेजाऱ्यासाठी जामीन राहिलेलं कर्ज थकलं आहे, तिथं जॉइंट खातं काढू नका. एकट्या नवऱ्याच्या कर्जापोटी दोघांच्या खात्यातले पैसे बँकेनं परस्पर वळते करू नयेत, ही कायद्याची बाजू. पण खातं उघडताना ज्या कागदांवर सह्या करता, त्यात तशी संमती लिहिलेली असू शकते. आणि वसुलीच्या दिवसांत खात्याला होल्ड लावायला, म्हणजे पैसे अडवून ठेवायला, एक कळ पुरते. तो काढायला मात्र अर्ज करा, मॅनेजरला भेटा, साहेब मीटिंगला गेले आहेत हे ऐकून परत या. पोराच्या कॉलेजची फी भरायच्या आठवड्यात असं झालं तर मोठी पंचाईत होते.

कर्ज नियमित असेल तर त्याच शाखेत खातं काढायला हरकत नाही. नूतनीकरणाला जाल तेव्हा बाकीची कामंही होतात. तरी घरखर्चाचा पैसा आणि कर्जाचं खातं वेगवेगळ्या बँकांत असलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. एखादं वर्ष पाऊस दगा देतो, सोयाबीन हातचं जातं आणि आजचं नियमित कर्ज मार्चनंतर थकीत होतं.

बँक म्हणजे नक्की कुठली

सरकारी बँका, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी सहकारी बँक, पोस्ट आणि पतसंस्था, एवढे पर्याय तालुक्याच्या ठिकाणी दिसतात. यातली पतसंस्था आधीच बाजूला काढा. तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. हा विमा सरकारी, खासगी, ग्रामीण, जिल्हा आणि नागरी सहकारी बँकांना आहे. पाटी नीट वाचा. ‘अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक’ म्हणजे बँक. ‘अर्बन क्रेडिट सोसायटी’ आणि ‘मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी’ म्हणजे संस्था, बँक नव्हे, मग आत एसी आणि काचेचं काउंटर का असेना. दैनंदिन बचतीचा एजंट दारात येतो ही त्यांची सोय खरी, पण घराचं मुख्य खातं तिथं नको.

जिल्हा बँकेची शाखा जवळच्या मोठ्या गावात असते, सोसायटीचं कर्ज तिथूनच होतं आणि लोक ओळखीचे असतात. या तिच्या जमेच्या बाजू. पण २०१२ नंतर नागपूर, वर्धा आणि बुलढाणा जिल्हा बँकांचे व्यवहार अडकले तेव्हा ठेवीदारांचे काय हाल झाले, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या बँकेत आज यूपीआय, एटीएम कार्ड, मोबाइल बँकिंग सुरू आहे का, एवढं विचारा. नसेल तर तिथं कर्जापुरतंच खातं ठेवा.

ग्रामीण बँकेत खातं असेल किंवा काढणार असाल तर एक बदल ध्यानात ठेवा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. जुन्या पासबुकावरून आयएफएससी कोड उतरवून कुठल्याही अर्जात टाकू नका, आधी शाखेतून सध्याचा कोड घ्या.

सरकारी बँकांचं किमान शिलकीचं ओझं बरंच कमी झालं आहे. स्टेट बँकेनं बचत खात्यावरचा हा दंड मार्च २०२० मध्येच काढला. पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी जुलै २०२५ पासून काढला. कॅनरा बँकेनं त्याच्या महिनाभर आधी. खासगी बँकेच्या तालुका शाखेत जाल तर किमान शिल्लक किती, कमी पडली तर महिन्याला किती कापता, हे छापील कागदावर मागा. एसएमएसचे आणि कार्डाचे वार्षिक पैसे किती तेही त्याच वेळी विचारून घ्या.

पोस्टात ५०० रुपयांवर जॉइंट खातं निघतं. तिथं दोन प्रकार असतात. जॉइंट ए मध्ये पैसे काढायला दोघांची सही लागते, जॉइंट बी मध्ये कुणाही एकाची चालते. तुम्हाला बी पाहिजे. साठवणीला पोस्ट चांगलं, पण रोजच्या फोनवरच्या व्यवहाराला ते अवघड जातं.

शाखा आणि बँक मित्र

दोन-तीन बँका उरल्या की प्रत्यक्ष शाखा बघून या. बाजाराचा दिवस सोडून एकदा आणि बाजाराच्या दिवशी एकदा, असं दोनदा जा. बाजाराच्या दिवशी रोखीच्या काउंटरवर किती वेळ लागतो ते मोजा, कारण तुम्ही बहुतेक वेळा त्याच दिवशी जाणार आहात. पासबुक छापायचं मशीन चालू आहे का ते बघा. लिंक किती वेळा जाते हे बँकेच्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा.

बँक मित्र म्हणजे बँकेच्या वतीनं गावातच अंगठा घेऊन पैसे काढून देणारा माणूस. गावात कुठल्या बँकेचा बँक मित्र बसतो, आणि रोज बसतो की हप्ता आल्यावरच, याला आम्ही शाखेपेक्षा जास्त वजन देऊ. अंगठ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. मात्र अंगठ्याचं यंत्र खाते क्रमांक विचारत नाही. ते आधार क्रमांक आणि बँकेचं नाव विचारतं, आणि त्या बँकेत त्या आधारला जे खातं मुख्य म्हणून जोडलेलं असेल त्यातून पैसे काढतं. एकाच बँकेत दोन खाती असली तर भलत्याच खात्यातून पैसे जातात ते यामुळे. जॉइंट खात्यातून दोघांच्याही अंगठ्यावर पैसे निघतील का, हे खातं काढायच्या आधी त्याच बँकेला विचारा.

कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा घासलेल्या असतात. यंत्र तीनदा नाही म्हणतं आणि माणसं रांगेत तिच्याकडे बघत उभी राहतात. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावलं की कधी कधी होतं. तरी भरवसा नको. तिच्या नावाचं वेगळं रुपे कार्ड घ्याच.

फॉर्म भरताना

दोघांनीही जायचं. बरोबर आधार, पॅन, प्रत्येकी दोन फोटो आणि आपापला चालू मोबाइल. पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म बँकेत मागा.

लग्नानंतर तिच्या आधारवर सासरचं नाव झालेलं असतं आणि पॅनवर माहेरचं राहिलेलं असतं. बँकेच्या संगणकात दोन्ही जुळत नाहीत आणि काम तिथंच थांबतं. अशा वेळी आधी पॅन दुरुस्त करा. दोन्ही कागदांवर माहेरचंच नाव असेल तर खुशाल त्याच नावानं खातं काढा, त्यात काही बिघडत नाही. नाव बदललं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. ती नोंदणी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होते. लग्नपत्रिका आणि फोटो दाखवून बँकेत भागत नाही.

खातं कसं चालणार, हा रकाना रिकामा सोडू नका. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहा. म्हणजे कुणीही एकटा व्यवहार करू शकतो, आणि एक गेला तर दुसऱ्याला खातं चालवता येतं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ मध्ये पहिलं नाव ज्याचं, तो असेपर्यंत त्यालाच पैसे काढता येतात. ‘जॉइंटली’ लिहिलं तर प्रत्येक वेळी दोघांची सही लागते, आणि साधारणपणे एटीएम किंवा यूपीआय मिळत नाही. ईदर ऑर सर्व्हायव्हरमध्ये एकजण दुसऱ्याला न विचारता सगळी रक्कम काढू शकतो. बँक त्याला अडवणार नाही. म्हणून या खात्यात दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चापुरतीच रक्कम ठेवावी.

पहिलं नाव कुणाचं? आमच्या मते तिचं. कर्ज आणि सातबाऱ्याशी जोडलेलं सगळं बहुतेक घरांत त्याच्या नावावर असतं, एक खातं तरी तिच्यापासून सुरू होऊ द्या. पुढे याच नावांवर मुदत ठेव केली तर टीडीएसचा, म्हणजे व्याजातून कापल्या जाणाऱ्या कराचा, हिशोब पहिल्या नावाच्या पॅनवर होतो, तेवढं लक्षात असावं.

दोन्ही मोबाइल नंबर खात्याला जोडायला सांगा. गावाकडच्या शाखांत पहिल्याचाच नंबर टाकून मोकळे होतात. मग दुसऱ्याच्या फोनवर यूपीआय सुरू होत नाही आणि ॲपच बिघडलं असं वाटतं. दुसरं एटीएम कार्डही आपोआप येत नाही, फॉर्मवर वेगळं मागावं लागतं.

नॉमिनी म्हणून एकमेकांची नावं घालू नका, तुम्ही दोघं खातेदार आहातच. जॉइंट खात्याच्या नॉमिनीचा हक्क दोघंही गेल्यावर सुरू होतो. मुलाचं किंवा मुलीचं नाव द्या. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर जन्मतारीख लिहा आणि त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही लिहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. त्या टक्क्यांची बेरीज १०० झाली पाहिजे. फॉर्मवर दोघांच्याही सह्या लागतात.

जायची वेळही बघा. मे-जूनमध्ये पीककर्जाच्या गर्दीत नवीन खात्याकडे कुणी बघत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. हप्ता जमा झाला की पुढचे तीन-चार दिवस तिकडे फिरकू नका.

पासबुक हातात आल्यावर

काउंटर सोडायच्या आधी पहिलं पान वाचा. दोन्ही नावं, त्यांचा क्रम, खातं चालवण्याची पद्धत, नॉमिनीची नोंद. पद्धतीच्या जागी ‘सिंगल’ किंवा ‘जॉइंटली’ छापलेलं असेल तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागा. नंतर त्यासाठी पुन्हा दोघांना यावं लागतं. त्याच आठवड्यात दोघांनीही आपापल्या कार्डावर १०० रुपये काढून बघा आणि आपापल्या फोनवरून या खात्यातला १ रुपया दुसऱ्या कुणाला तरी पाठवून बघा. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात, पुढे प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत कापतात. शिल्लक बघितली तरी तो एक व्यवहार धरला जातो.

दोन वर्षं काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. व्याज जमा झालं म्हणून ते चालू राहत नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा काहीतरी भरा किंवा काढा. निष्क्रिय झालंच, तर सुरू करून द्यायला बँकेला पैसे घेता येत नाहीत.

दोघांपैकी एकाचं निधन झालं तर मागे राहिलेल्यानं मृत्यूचा दाखला, पासबुक आणि स्वतःचं आधार घेऊन नाव कमी करायचा अर्ज द्यायचा. ईदर ऑर सर्व्हायव्हर असेल तर वारसा प्रमाणपत्र लागत नाही. कुणी मागितलं तर ते लेखी मागा, बहुतेक वेळा मागणी तिथंच थांबते.

एखादं काम अडलं तर तोंडी बोलून परत येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. तक्रारीसोबत ती शिक्क्याची प्रत जोडा.