दाताची थ्रीडी प्रिंटेड कॅप बसत नाही? प्रिंटरला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

दाताची कॅप जबड्याच्या मॉडेलवर बसली नाही की आपण आधी प्रिंटरची सेटिंग उचकटायला घेतो. मीपण महिनोन्महिने तेच केलं, आणि घोळ निघाला प्रिंट झालेली कॅप धुण्यात.

पण सुरुवात बाटलीपासून. कॅपच्या रेझिनमध्ये, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या पातळ प्लास्टिकमध्ये, सिरॅमिकची बारीक पूड (फिलर) असते, ती जड, बाटली नुसती ठेवून दिली की खाली बसते. न हलवता वरवरचं ओतलं तर शेड बदलते, ताकदही जाते, मग पेशंट सुपारी फोडणार आणि बोलणी लॅबला.

आता धुणं. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) जितका वेळ ठेवू तितकं स्वच्छ, असं वाटतं ना? उलट आहे. अल्कोहोल आत मुरतं, कॅप थोडी फुगते, वर बारीक तडे येतात. बऱ्याच रेझिनचं काम दोन वेगळ्या भांड्यांत मिळून पाचेक मिनिटांत होतं, नेमका वेळ कंपनीच्या कागदावर असतो तो बघा, आणि दुसरं भांडं ताज्या आयपीएचं पाहिजे, पहिल्यातलंच गढूळ ओतून उपयोग नाही. मग हवा मारून कॅपच्या आतले कोपरे बघा. तिथे चकाकतंय म्हणजे रेझिनचा थेंब राहिलाय, तो तसाच क्युअर झाला, म्हणजे प्रकाशात कडक झाला, की कॅप हाय (उंच) बसते आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये सिमेंट गॅप, म्हणजे कॅप आणि दात यांच्यात सिमेंटसाठी सोडलेली जागा, वाढवत बसतो! ओली कॅपही क्युअरला टाकू नका, पांढरे डाग पडतात.

क्युअरिंगला नेलपॉलिशचा यूव्ही लॅम्प वापरणारे पाहिलेत मी, हात जोडतो. रेझिनला ठरावीक वेव्हलेंथ लागते, बहुतेक ४०५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि पुरेसा जोर. अर्धवट क्युअर झालं तर कच्चा मोनोमर, म्हणजे न जुळलेलं रेझिन, तोंडात सुटतो, हिरडीला त्रास होऊ शकतो. वरून चिकट लागतंय? हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला पक्कं होऊ देत नाही, म्हणून नायट्रोजनवालं युनिट, नाहीतर कंपनीने चालेल म्हटलं असेल तर काचेच्या वाटीत ग्लिसरिनमध्ये बुडवून क्युअर.

प्रिंट करताना कॅपला टेकू देणारे सपोर्ट मार्जिनवर, म्हणजे कॅपच्या कडेवर, नको, आतल्या बाजूलाही नको, काढताना कडच तुटते. टेम्पररीचं रेझिन परमनंट कॅपला तर अजिबात नको, स्वस्त पडतं म्हणून मोह होतो खरा.

झिरकोनिया (एक कडक सिरॅमिक) प्रिंट करणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे सिंटरिंगला, म्हणजे भट्टीत भाजताना, माल साधारण वीस टक्के आक्रसतो, म्हणून डिझाइन त्या हिशोबाने मोठं धरावं लागतं, आणि पूड धरून ठेवणारा बाइंडर घाईत जाळला की तडा ठरलेला.

आणि हो, ग्लोव्हज नायट्राइलचेच. कच्चं रेझिन हाताला लागत राहिलं तर ॲलर्जी बसू शकते, ती मग सहजासहजी सुटत नाही. वापरलेलं आयपीएही बेसिनमध्ये ओतू नका, त्यात रेझिन विरघळलेलं असतं, झाकणाच्या कॅनमध्ये साठवून केमिकल कचरा नेणाऱ्याकडे द्या.