वस्तीतल्या मुलांसोबत माल्कम एक्स कसा वाचावा

गंज पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गात मी सुरुवात जोतीरावांपासूनच करते. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, आणि अर्पण केलीय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना! ती अर्पणपत्रिका मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

मग माल्कमचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मुस्लिम नेत्याचं, १९६४ चं मताधिकारावरचं भाषण घ्या. आपल्या वस्तीतलं राजकारण आणि दुकानं आपल्याच हाती हवीत, हा त्याचा गाभा. नगरसेवकाचा विषय मुलं आपणहून काढतात, काढू द्या. त्याच वर्षी तो हजला गेला आणि सगळे गोरे सारखेच, हे मत त्याने जाहीरपणे बदललं. इथे अजिबात घाई नको, मला माल्कम सर्वात मोठा इथेच वाटतो.

१९६५ ची हत्या थोडक्यात सांगा. फळ्यावर अमेरिकेतल्या काळ्यांची संघटना ब्लॅक पँथर, १९६६. खाली तिच्यावरून नाव घेतलेली आपली दलित पँथर, १९७२. प्रश्न आधी मुलींना विचारू द्या.