भाषाविज्ञानात पदवी घ्यायची तर: अकरावीपासूनची तयारी

यादीतलं पहिलं काम घरात बसून करायचं आहे. भाषाविज्ञान म्हणजे काय नाही, हे आधी स्वतःशी आणि आईवडिलांशी स्पष्ट करून घ्या. ही पाच-सहा भाषा बोलायला शिकवणारी पदवी नाही आणि साहित्याचीही नाही. जर्मन किंवा जपानी शिकून दुभाष्याचं काम करायचं असेल तर त्याचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. कवितेवर, कादंबरीवर जीव असेल तर मराठी किंवा इंग्रजी साहित्य घ्या. इथे भाषा चालते कशी ते तपासायचं असतं. आपण 'त्याने आंबा खाल्ला' म्हणतो, मग 'मीने आंबा खाल्ला' का म्हणत नाही? दुनिया या अर्थाचा 'जग' आणि 'शंभर वर्षं जग' यातला 'जग' लिहायला सारखाच, पण दोन्हींतला ज वेगळा ऐकू येतो. तर मराठीत ज किती धरायचे? असा प्रश्न पडला की उत्तराशिवाय चैन पडत नसेल, तर हा विषय तुमचा आहे.

मग रस्ता ठरवा. महाराष्ट्रात बारावीनंतर थेट भाषाविज्ञानातच बीए करण्याची सोय फार कमी आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग ही आपल्याकडची मोठी नावं, पण त्यांची ओळख पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. त्यामुळे एक तर राज्याबाहेर जायचं, नाहीतर इथेच दुसऱ्या विषयात पदवी घेऊन एमएला भाषाविज्ञानाकडे वळायचं. बाहेर जायचं असेल तर बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ इथे पदवीला हा विषय आहे. हैदराबाद विद्यापीठात भाषाविज्ञानाचा पाच वर्षांचा एकात्मिक एमए आहे. हैदराबादच्याच ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचं बीटेक आणि संगणकीय भाषाविज्ञानातलं, म्हणजे संगणकाकडून भाषा हाताळून घेण्याच्या शास्त्रातलं, संशोधनाधारित एमएस असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र लागतं आणि संस्थेची यूजीईई ही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

घराजवळ राहून दुसऱ्या विषयात पदवी घेणं म्हणजे तडजोड, असं मी अजिबात मानत नाही. डेक्कन कॉलेजच्या एमएला कोणत्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात. वसतिगृहाचा खर्च झेपणार नसेल, किंवा सतराव्या-अठराव्या वर्षी इतक्या लांब जायची तयारी नसेल, तर इथे तीन-चार वर्षं नीट वापरता येतात. मात्र विषय विचारपूर्वक निवडा. संस्कृत घेतलंत तर पाणिनीच्या व्याकरणाची ओळख होईल. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेची रचना बांधणारं हे काम आजही जगभरचे अभ्यासक वाचतात. मानसशास्त्र घेतलंत तर मूल भाषा कसं शिकतं या प्रश्नाकडे जाता येईल. गणित, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्रातली बीएससी केलीत तर भाषा तंत्रज्ञानाची वाट सोपी होते. फक्त मराठी साहित्य घेणार असाल, तर अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाचे पेपर किती आणि कोणत्या सत्रांत आहेत, ते प्रवेशाआधी विचारा. कॉलेजनुसार यात खूप फरक पडतो.

एक निर्णय मात्र दहावीनंतरच घ्यावा लागतो. मुलांचे वाचादोष, पक्षाघातानंतर गेलेली वाचा, श्रवणदोष यांवर काम करायचं असेल तर तो रस्ता बीएएसएलपी या पदवीतून जातो. तिच्यासाठी अकरावी-बारावी विज्ञान शाखेतूनच करावी लागते. पुढे काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही हवी. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथे हे शिक्षण मिळतं. कला शाखेतून बारावी झाल्यावर हे कळलं तर परतीची वाट फार लांबची असते.

अकरावीत गणित जमत असेल तर सोडू नका, एवढंच सांगतो. वाक्यरचनेचा अभ्यास पुढे तर्कशास्त्राच्या जवळ जातो आणि बोलीभाषांच्या सर्वेक्षणात आकडेवारी टाळता येत नाही.

याच वर्षी पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाडची माहिती काढा. शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठीची ही परीक्षा आहे. अनोळखी भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, त्यावरून नियम शोधायचे. आधी काही शिकलेलं असावं लागत नाही. इथून निवड झालेली मुलं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जातात. ते २००३ पासून भरतं आणि २०१६ साली आपल्याकडे म्हैसूरला भरलं होतं. निवड होवो न होवो, जुने प्रश्न सोडवून पाहाच. हा विषय आपल्याला मनापासून आवडतो का, हे कळायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. आणि पदवीला प्रवेश घेतला की ही संधी संपते.

वाचायला पैसे लागत नाहीत. जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्याने केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे, १९०५ सालचा, आणि तो इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत उतरवलेली आहे. आपल्या भागातला नमुना काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा, आणि आज काय बदललंय ते वहीत लिहा. ग्रिअर्सनने कोकणीला मराठीखाली घातलं होतं; १९९२ साली ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून आली. भाषा आणि बोली यांतली रेघ कोण आखतं, या प्रश्नावर विचार सुरू करायला हे एकच उदाहरण पुरे आहे. त्याच्या शेजारी डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं आजचं मराठी बोलींचं सर्वेक्षण ठेवा. गावोगावच्या माणसांचे आवाज त्यात ऐकायला मिळतात. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी शब्दकोशही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला आहे.

आपलं राज्य या अभ्यासासाठी किती श्रीमंत आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते. मराठी आणि भिली आर्य कुळातल्या. गडचिरोलीतली गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी द्राविडी. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे संथाळी-मुंडारीची नातलग. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलली जाते, जिचं कुठल्याच कुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. तुम्ही यांपैकी एखाद्या भाषेच्या घरातले असाल, तर ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. कुठे मुलाखत असेल तर ती आवर्जून सांगा.

बारावीच्या वर्षात कागद आणि तारखा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा लागते. अर्ज साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान निघतात, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत, तेव्हा डिसेंबरपासूनच संकेतस्थळावर लक्ष ठेवा. भाषेच्या पेपरसाठी मराठी निवडता येते, पण हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा आणि कोणते विषय चालतात ते त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहून मगच खूण करा. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांत आपली मुलं हमखास अडकतात. राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्रीय विद्यापीठांत लागू होत नाही. व्हीजेएनटी असा वेगळा प्रवर्गही तिथे नसतो, म्हणून आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासा. नॉन-क्रीमिलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, हे सेतू केंद्रात अर्ज करतानाच सांगा. ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा. आधार कार्ड आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळत नसेल तर दुरुस्ती अकरावीतच करून टाका. निकालानंतर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल.

पैशांचा हिशोब तीन वर्षांचा नको, पाच वर्षांचा मांडा. नुसत्या बीएवर या विषयातलं काम मिळणं अवघड आहे. कॉलेजात शिकवायला एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. उच्चार ओळखणाऱ्या, अनुवाद करणाऱ्या प्रणालींवर काम करणाऱ्या कंपन्यांना भाषेबरोबर प्रोग्रॅमिंग येणारी माणसं हवी असतात. म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घ्या. प्रात हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. वर दिलेल्या दोन ज-चं ध्वनिमुद्रण त्यात उघडलंत तर त्यांतला फरक पडद्यावर दिसेल.

बाहेरगावी निघण्याआधीच्या सुट्टीत आजीचं किंवा गावातल्या एखाद्या जुन्या माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. आधी परवानगी घ्या आणि कशासाठी हवंय ते नीट सांगा. पंखा, टीव्ही बंद करा, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, फाइल वेव्ह (.wav) प्रकारात साठवा. प्रश्नोत्तरं करू नका; पेरणी, लग्न, जत्रा असा विषय काढून त्यांना मोकळं बोलू द्या. फाइलच्या नावात गाव, वय आणि तारीख घाला आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पहिल्या सत्रात ध्वनिविज्ञानाचे वर्ग सुरू झाले की ऐकलेले उच्चार ध्वनिलिपीत उतरवण्याच्या सरावासाठी हीच फाइल घ्या.