मोठ्या बँकेत लागताय? सात वर्षांच्या अनुभवातून थोडं

निकाल लागला की घरात पेढे येतात आणि आठवड्याभरात मला फोन येतो. "ताई, बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) झाले, पण जॉइन होऊ का?" गावाकडच्या पाच-सहा मुलामुलींना तेच तेच फोनवर सांगून झालंय, म्हणून आता नीट लिहून काढते.

मी 2018 मध्ये एका मोठ्या सरकारी बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले. घर सातारा जिल्ह्यात, पहिलं पोस्टिंग परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. मग अडीच वर्षं उत्तर प्रदेशात, आता पुण्याजवळ.

पगाराचं आधी सांगते, कारण घरचे तेच विचारतात. मी लागले तेव्हा स्केल वनचं, म्हणजे ऑफिसरच्या पहिल्या श्रेणीचं, सुरुवातीचं बेसिक 23,700 होतं. मार्च 2024 च्या वेतन करारानंतर ते 48,480 झालं. त्यावर डीए (महागाई भत्ता), बँकेने भाड्याने घेतलेलं घर किंवा भाडेभत्ता, एलएफसी (रजेतल्या प्रवासाचा खर्च), वैद्यकीय खर्च. घरकर्ज, गाडीकर्ज सवलतीच्या व्याजाने मिळतं. मात्र त्या सवलतीवर आयकर लागतो, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरवला. जुनी पेन्शन 1 एप्रिल 2010 पासून नव्या लोकांना नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे. तुमचे दहा टक्के कापले जातात, बँक चौदा टक्के घालते. पगार वेळेवर होतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर खासगी कारखान्यात थकलेल्या पगाराची वाट पाहिली, त्यामुळे या एका वाक्याची किंमत मला पक्की ठाऊक आहे.

पण माझ्या मते मोठ्या बँकेचा खरा फायदा पैशात नाही, पहिल्या तीन वर्षांत जे शिकायला मिळतं त्यात आहे. परभणीला जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, सकाळी दहाच्या आत पायरीवर माणसं बसलेली असायची. सातबारा, आठ-अ, फेरफार हे शब्द मी परीक्षेच्या अभ्यासात कधी वाचले नव्हते. तिथल्या क्लार्क काकांनी मला सातबारा वाचायला शिकवलं: इतर हक्कात कुणाचा बोजा आहे ते आधी बघ, मग पीक, मग क्षेत्र. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज, वेळेत भरलं की त्यातले तीन टक्के माफ; हे गणित शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावताना मी बँकिंग शिकले. सोनेतारण, बचत गट, दुकानदाराची कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज), वारसाचे दावे, सगळं एकाच छपराखाली. एवढी विविधता लहान संस्थेत क्वचितच मिळते.

ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले, तेव्हाची एक मावशी मला आठवते. तिसऱ्यांदा आली होती. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर हळदीचे डाग. "बाई, शेजारणीला आले, मला का नाही?" तिच्या आमच्याकडच्या खात्यात खरंच काही नव्हतं. असे पैसे आधारला ज्या बँकेचं खातं जोडलेलं असतं तिथे जातात. ते कुठलं आहे हे तिच्याच मोबाइलवर, ओटीपी घेऊन तपासलं, तर दुसऱ्या बँकेचं निघालं. मुलाने कधीतरी सिमकार्डाबरोबर उघडून दिलेलं. तिला ते खातं आहे हेच माहीत नव्हतं. तिला ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मागे चाळीस माणसं उभी होती आणि त्या दिवशी जेवायला साडेचार वाजले. तरी ती सहा-सात मिनिटं मला कुठल्याही टार्गेटपेक्षा मोलाची वाटतात.

टार्गेटचं सांगायलाच हवं. विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड यांचे आकडे रोज संध्याकाळी विचारले जातात. मार्चमध्ये तर दोनदा. 20 रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा मी मनापासून देते, प्रत्येकाला देते. पण एका निवृत्त शिक्षकांची एफडी मोडून लांब मुदतीची पॉलिसी गळ्यात घालायला मला सांगितलं गेलं, तेव्हा मी नाही म्हटलं. त्या वर्षी माझं मूल्यांकन खाली आलं. तुमच्यावर ही वेळ येणार हे धरून चाला आणि कुठे थांबायचं ते आत्ताच ठरवा.

बदलीची सगळ्यांना धास्ती असते, आणि ती खोटी नाही. मोठी बँक म्हणजे देशभर शाखा. प्रमोशनबरोबर बहुतेकदा लांबची बदली येते, आणि केवळ त्यासाठी प्रमोशन नाकारणाऱ्या दोन हुशार मैत्रिणी मी पाहिल्या. माझं लग्न झालं तेव्हा नवरा पुण्यात, मी उत्तर प्रदेशात.

पण बदलीपेक्षा एका वेगळ्या गोष्टीला जपायला मी सांगेन: बँकेच्या कॉम्प्युटरवरचा तुमचा आयडी आणि तुमची सही. बँकेत एकाने व्यवहार टाकायचा, दुसऱ्याने तपासून पास करायचा. परभणीला एका गर्दीच्या सोमवारी मी नमुना सही न उघडताच एक पैसे काढण्याचा व्यवहार पास केला. सही खातेदाराची नव्हती, पुतण्याची होती. चौदा महिन्यांनी, मी उत्तर प्रदेशात असताना, खुलासा मागणारं पत्र आलं. शाखेत मी एकटी ऑफिसर होते, गर्दी होती, मॅनेजर घाई करत होते, यातलं काहीच त्या व्हाउचरवर लिहिलेलं नव्हतं. होती फक्त माझी सही. पुतण्याने पैसे परत भरले, मी लेखी ताकिदीवर सुटले. पण तो आठवडाभर मला झोप नव्हती. इतक्या मोठ्या व्यवस्थेत तुमची घाई कुणाच्या लक्षात राहत नाही, तुमचा आयडी मात्र वर्षानुवर्षं नोंदीत राहतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून काही सवयी लावून घ्या. पासवर्ड कुणालाही देऊ नका, "दोन मिनिटं चहाला जातो, तूच पास कर" म्हणणाऱ्या सीनियरलासुद्धा नाही. तिजोरीची तुमच्याकडची चावी तुमच्याकडेच राहू द्या. तोंडी आदेश आला तर नम्रपणे "सर, एक मेल टाकाल का?" म्हणा. प्रोबेशनमध्येच जेएआयआयबी, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांसाठीची व्यावसायिक परीक्षा, देऊन टाका. इन्क्रिमेंट मिळते, शिवाय पुढे रोजच्या धबडग्यात अभ्यास होत नाही.

आणि जॉइन होण्याआधी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या एखाद्या शाखेत जा. पेन्शनवाल्यांच्या बाकावर अकरा ते एक बसा. कॅशच्या शेजारचा ऑफिसर दोन तासांत किती वेळा सही करतो आणि त्यातल्या किती वेळा कागद वाचतो, तेवढं मोजा. मग मला फोन करा.