ग्वाल्हेरच्या थंडीत गाडी सुरूच होत नसेल तर

जानेवारीत लष्कर भागातल्या गल्लीत रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी नुसती टक्-टक् करते, दिवे मिणमिणतात? बॅटरी उतरली आहे. सारखी चावी फिरवू नका, उरलासुरला चार्जही जातो. शेजाऱ्यांची 12 व्होल्टचीच बॅटरी असलेली गाडी जवळ घ्या. दोन्ही गाड्या बंद. आता जंपर केबलने, म्हणजे लाल आणि काळ्या जाड तारांनी, दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या. लाल केबल आधी आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला. तिचं दुसरं टोक मात्र आपल्या बॅटरीला नको, आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेजारी ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. इथे घाई करूच नका. त्यांची गाडी पाच मिनिटं चालू ठेवून आपली सुरू करा. केबल उलट क्रमाने काढा.