डिझेलला कस्टम पिस्टन मागवताय? आधी बाउल मोजा

कम्प्रेशनचा (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते त्याचा) नुसता आकडा सांगून डिझेलचे पिस्टन मागवू नका; बाउल, म्हणजे पिस्टनच्या माथ्यातली खोलगट वाटी, आधी मोजा. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण कारण सांगायला मला बरीच जागा लागणार आहे, कारण माझे पैसे आणि ऑटोक्रॉसचा (घड्याळाशी लावलेल्या गाड्यांच्या शर्यतीचा) एक अख्खा सीझन याच ठिकाणी गेला.

फियाटचं १.३ मल्टिजेट धरून बोलतो. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा, सगळ्यांच्या डिझेलमध्ये हे इंजिन असायचं. त्यातली फियाट-टाटाची इंजिनं रांजणगावला बनायची, त्यामुळे पुण्याच्या आसपास जुनं इंजिन मिळवणं अवघड नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८२ मिमी, म्हणजे सिलिंडरमागे ३१२ सीसी. ७५ पीएसवाल्याचं कम्प्रेशन १७.६. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला की सिलिंडरमधला दाब चढतो. तो १६० बार धरला तरी एवढ्याशा पिस्टनवर सहा टनांच्या वर जोर येतो. तो आवरायला कम्प्रेशन जरा उतरवतात, आणि १६ हा सगळ्यांचा लाडका आकडा.

आता हिशोब करा. १७.६ ला पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरते १८.८ सीसी जागा, १६ ला २०.८. फरक २ सीसी, अर्धा चमचाही नाही. ही २ सीसी दोन वाटांनी काढता येते. बाउल तेवढा मोठा करायचा, किंवा बाउल तसाच ठेवून पिस्टनचा माथा अर्धा मिलिमीटर खाली घ्यायचा. कागदावर दोन्ही पिस्टन १६ चेच. दुसरा बनवायला सोपा, कारण बाउलच्या आकाराशी झटापट नाही. तुम्ही फक्त '१६ पाहिजे' म्हणालात तर समोरचा सोपी वाट धरणार, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

माझा पहिला सेट तसाच आला. मापं तपासली, सगळं बरोबर. गाडी थंडीत पांढरा धूर सोडत कुरकुरत सुरू व्हायची आणि लोडवर काळा धूर ओकायची. मॅपवाला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारा) इंधन कमी करत राहिला, टायमिंग मागेपुढे करत राहिला. टर्बोवर संशय, इंजेक्टरवर संशय. शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर पिस्टनवरच उत्तर दिसलं. बाउलमध्ये काजळीचे डाग असतात, इंधन फवारणाऱ्या नोझलला जितकी भोकं तितके. ते बाउलच्या आतल्या भिंतीवर असायला हवेत. माझे थेट ओठावर, म्हणजे बाउलच्या वरच्या काठावर होते, दोन तर ओठ ओलांडून सपाट भागावर सांडलेले.

असं का होतं ते नीट समजून घ्या. पेट्रोलवाल्यांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. डिझेलचं हेड बहुधा सपाट, जाळायची खोली म्हणजेच तो बाउल. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या कडेला आणि हेडला मध्ये एक मिलिमीटरच्याही आतली फट उरते. कडेची हवा तिथून दाबली जाऊन बाउलमध्ये घुसते आणि इंधनात मिसळते. माथा अर्धा मिलिमीटर खाली गेला की ही फट जवळपास दुप्पट होते आणि हवा कडेलाच पडून राहते, जिथे इंधन पोचत नाही. आणि पिस्टन खाली गेला तरी नोझल जागच्या जागी. फवारा त्याच कोनात येणार, पण बाउल खाली सरकल्यामुळे तो भिंतीवर अर्धा मिलिमीटर वर बसणार, म्हणजे नेमका ओठावर. ओठ हा पिस्टनचा सगळ्यात तापणारा भाग. अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनला तडे इथूनच सुरू होतात. ओठावरून सांडलेलं इंधन बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या भांड्यात उतरतं, म्हणून डिपस्टिकवरची पातळी चढलेली दिसली तर खूश होऊ नका.

ब्लॉक आणि हेडमधली गॅस्केट जाड टाकण्याचा शॉर्टकट सांगणारे भेटतील. तो हाच खड्डा, फक्त स्वस्तात.

म्हणून मापं कशी घ्यायची ते बघा. जुना पिस्टन वर आणून डायल गेजने ब्लॉकच्या वर किती येतो ते बघा, पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या रेषेवर, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. ब्लॉक आधी कधी घासला असेल तर हे माप पुस्तकातलं नसणार. बाउलच्या तोंडावर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवा आणि १० मिलीच्या सिरिंजने रॉकेल किंवा डिझेल भरा. एक बुडबुडा राहिला तर पुन्हा, कारण भांडण २ सीसीचं आहे. फट मोजायची तर पिस्टनच्या कडेला मऊ सोल्डरची तार ठेवून, गॅस्केट घालून हेड पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक हाताने एक फेरा फिरवा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजा. पुरवठादाराला ही मापं, नोझलचा नंबर आणि डाग दिसणारा जुना पिस्टन पाठवा. ऑर्डरवर स्पष्ट लिहा: 'माथ्याची उंची मूळचीच, फरक फक्त बाउलमध्ये.' तो बाउल किती रुंद, किती खोल करणार याचं ड्रॉइंग आधी मागा. देत नसेल तर दुसरा शोधा.

फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या पिस्टनबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. डिझेलच्या चांगल्या ओतीव पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेत निकेलयुक्त बिडाची कडी ओतलेली असते, आणि जोरदार इंजिनांत माथ्याच्या आत ऑइल फिरायला पोकळ बोगदा असतो, खालून जेट त्यात ऑइल मारतो. फोर्ज्डमध्ये या दोन्ही गोष्टी आणणं सोपं नाही. ताकद मिळते, पण खाच आणि ओठ यांची सोय वेगळी करावी लागते. त्यात २६१८ मिश्रधातू असेल तर सिलिकॉन नावापुरतंच, पिस्टन जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये जागा जास्त सोडावी लागते आणि थंड इंजिन टकटक करतं. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन, तो कमी फुगतो. आठवडाभर ऑफिसला आणि रविवारी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी ४०३२ किंवा सरळ चांगला ओतीव पिस्टनच सांगेन.

गुरू निवडताना एकच गोष्ट बघतो. विचारल्यावर तो आधी मापं मागतो का? 'बिनधास्त टाक, मी पन्नास गाड्या केल्यात' म्हणणाऱ्याचा चहा प्या आणि निघा. मला शिकवलेले बोअरिंगवाले काका बोलायचे कमी, पण बोअर तीन उंचींवर, दोन दिशांना मोजल्याशिवाय होनिंगला, म्हणजे बोअर घासून नेमक्या मापाला आणायला, हात लावायचे नाहीत.

घाबरून जाऊ नका. रिमॅप, बरा इंटरकूलर आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं, पिस्टनपर्यंत यायची वेळच येत नाही. आलीच, तर चारही पिस्टन पिनसकट तराजूवर घ्या, रिंगची गॅप पुरवठादाराच्या तक्त्यातली ठेवा, पेट्रोलच्या तक्त्यातली नको. इंजिन बसल्यावर लोडवर धूर दिसला तर मॅपवाल्याकडे पळू नका. इंजेक्टर काढून एन्डोस्कोपने बाउलमधले डाग बघा. ते भिंतीवर असतील तर मग खुशाल मॅपकडे वळा.